आधी छाटणी, मग वेग

बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायला घेतला की वेग वाढवायचा मोह आधी होतो. पण या प्रोग्रामांचं कूळ तपासलं तर बळ वेगळ्याच ठिकाणाहून आलेलं दिसतं.

पहिली पायरी नियमांची. गोदाकाठच्या पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ ग्रंथात बुद्धिबळाचे नियम मांडले. ते माणसासाठी होते. न सांगितलेलं माणूस समजून घेतो, यंत्र घेत नाही. म्हणून आजही प्रोग्राम लिहिणारे आधी चाली मोजून पाहतात: सुरुवातीच्या मांडणीतून पांढऱ्याच्या 20 चाली, काळ्याच्या उत्तरांसह 400 शक्यता, तिसऱ्या चालीपर्यंत 8,902, चौथ्यापर्यंत 1,97,281. एकाचाही फरक पडला तर कुठला तरी नियम चुकलेला असतो.

दुसरी पायरी शोधाची. क्लॉड शॅनन यांनी 1950च्या लेखात दोन वाटा सांगितल्या: ठरावीक खोलीपर्यंत सगळ्या चाली पाहायच्या, नाहीतर निवडक चालीच खोलवर तपासायच्या. 1957 साली ॲलेक्स बर्नस्टीन यांच्या प्रोग्रामने दुसरी वाट धरली आणि दर वेळी फक्त सात चाली तपासल्या. त्यात नेमकी हुकमी चालच वगळली जाण्याचा धोका होता.

तोडगा निघाला तो जॉन मॅकार्थी यांनी 1956च्या सुमारास सुचवलेल्या अल्फा-बीटा छाटणीतून. वजिराने प्यादं मारलं आणि लगेच घोड्याने तो वजीर फुकट टिपला, आणि याहून बरी चाल आधीच हाती असेल, तर त्या चालीवरची बाकीची उत्तरं पाहायची गरजच नाही, चाल बाद. दर स्थितीत 35 चाली धरल्या तर सहा चालींच्या खोलीवर सुमारे 184 कोटी स्थिती होतात. छाटणी उत्तम साधली तर त्यातल्या सुमारे 86 हजारच तपासाव्या लागतात, आणि उत्तर तेच येतं. अट एकच: चांगली चाल आधी तपासली पाहिजे. त्यामुळे चालींचा क्रम लावण्यावर घेतलेली मेहनत कधी वाया जात नाही.

तिसरी पायरी पारखीची, म्हणजे स्थिती किती चांगली हे ठरवण्याची. मारामारी अर्धवट असताना सोंगट्या मोजल्या तर हिशेब फसतो. म्हणून पट शांत होईपर्यंत मारामारीच्या चाली पुढे पाहायच्या, ही दृष्टी संगणकशास्त्रज्ञ ॲलन ट्युरिंग आणि शॅनन यांच्यापासूनची.

1997 साली जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती पाहायचा. आज मोबाइलवरचा स्टॉकफिश हा प्रोग्राम त्याच्या कितीतरी पट कमी स्थिती पाहतो, तरी खेळतो त्याहून सरस. छाटणी धारदार झाली. शिवाय यू नासू यांनी जपानी शोगीसाठी 2018 साली मांडलेलं छोटं न्यूरल नेटवर्क 2020 साली स्टॉकफिशच्या पारखीत आलं. 2013 पासून स्टॉकफिशमधला प्रत्येक बदल हजारो डावांच्या कसोटीवर घासला जातो. कितीही हुशार वाटलेली कल्पना तिथे उतरली नाही तर बाहेर जाते.

म्हणून क्रम असा: अचूक नियम, छाटणी, पारख, प्रत्येक बदलाची चाचणी, आणि शेवटी वेग. स्टॉकफिशचा सगळा कोड फुकट आणि खुला आहे. घनसावंगीतल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला असा प्रोग्राम लिहावासा वाटला तर साधा संगणक पुरेसा आहे. सुरुवात त्या 20 चाली बरोबर मोजण्यापासून करा.