पेटीचा सांधा

जुन्या घराच्या माळ्यावर एखादी लांकडी पेटी बहुधा असतेच. तिच्या झांकणावरील नक्षीकडे आपलें लक्ष प्रथम जातें. पण पेटीची खरी परीक्षा तिच्या कोपऱ्यांत होते. दोन फळ्या एकमेकींस जोडावयाच्या कशा, या प्रश्नावरून लंडन शहरांत एके काळीं दोन कारागीर-संघांत मोठा तंटा माजला होता. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

तेथें सुतारांचा संघ जुना होता. सांधेकाम करणाऱ्या ‘जॉयनर’ लोकांच्या संघास एलिझाबेथ राणीनें १५७१ सालीं सनद दिली. पेट्या कोणीं कराव्या हा वाद पुढें शहराच्या आल्डरमन मंडळापुढें गेला व १६३२ सालीं त्याचा निवाडा झाला. खिळ्यांनीं ठोकलेलें फळ्यांचें काम सुतारांकडे राहिलें. चौकटीच्या, खुंट्यांच्या, सरसाच्या किंवा पारव्याच्या शेपटीसारखे दांते गुंतविलेल्या पेट्या जॉयनरांच्या वाट्यास आल्या.

सांध्यावरून धंद्याची वांटणी करावी, हें वरवर विचित्र वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं लांकडाचा स्वभाव आहे. लांकूड सुकलें तरी स्वस्थ राहत नाहीं. हवेंत ओल वाढली कीं तें रेषांच्या आडवें फुगतें, कोरड्या हवेंत आकसतें. लांबींत मात्र जवळजवळ फरक पडत नाहीं. पावसाळ्यांत आपल्या घरचीं दारें चौकटींत अडकतात, तीं याच कारणानें. खिळ्यांच्या पेटींत पुढच्या फळीच्या रेषा आडव्या, तर बाजूच्या फळीच्या उभ्या असतात. एक फुगूं वा आकसूं पाहते, दुसरी तिला धरून ठेवते. शेवटीं फळी चिरते.

यावर एक उपाय चौकटीचा. चौकटीच्या आंतल्या कडेस खोबण पाडून तींत कडा पातळ केलेली फळी सरस न लावतां नुसती सरकवितात. ती आंतल्या आंत फुगो वा आकसो, चौकटीस धक्का लागत नाहीं. चौकट जोडतात ती कुसवानें, म्हणजे दांड्याच्या टोंकास ठेवलेल्या जिभेनें. कुसवांतील भोंक किंचित् त्याच्या बुडाकडे पाडतात. मग निमुळती खुंटी ठोकली कीं ती कुसूं आंत ओढून घेते व सांधा घट्ट बसतो.

दुसरा उपाय दांत्यांचा. येथें चारी फळ्यांच्या रेषा आडव्याच पेटीभोंवतीं फिरतात, म्हणून साऱ्या बरोबरच फुगतात व बरोबरच आकसतात. एका फळीचे दांते टोंकाकडे रुंद होत जातात. ते दुसरीच्या खांचांत बसले कीं ओढून निघत नाहींत. एका फळीचे दांते कापून तीच दुसरीवर ठेवावयाची, आरीनें खूण करावयाची, रेषेच्या टाकाऊ अंगानें करवत चालवावयाची व राहिलेलें पटाशीनें काढावयाचें, अशी ही रीत. निवाड्याहून ती जुनी आहे. १५४५ सालीं सोलेंटच्या सामुद्रधुनींत बुडालेलें ‘मेरी रोज’ हें लढाऊ जहाज १९८२ सालीं वर काढण्यांत आलें. त्याच्या शोधकार्यांत खिळ्यांच्या पेट्यांबरोबर दांत्यांच्याहि पेट्या सांपडल्या.

खिळ्यांची पेटी म्हणजे वाईट काम, असें मात्र समजूं नये. ती थोड्या वेळांत व थोड्या खर्चांत होई. सामान्य गृहस्थाला तीच परवडे. तथापि घरांतील जुनी पेटी मोडीत काढण्यापूर्वीं तिचा कोपरा एकवार अवश्य पाहावा. तेथें दांते दिसले, तर लांकडाला हलावयास जागा ठेवणारा कोणी जाणता कारागीर तिच्यावर बसला होता, हें ओळखावें.