उंदरांनी उकरलेला कुरुंद

रबिंग कंपाउंडचा डबा उघडला की आधी नाकात रॉकेलसारखा वास शिरतो. मग बोटाला राखाडी-पांढरी पेस्ट लागते, आणि ती चिमटीत चोळली तर अगदी बारीक कचकच जाणवते. दसऱ्याआधी स्वतःच्या ट्रकचं केबिन स्वतःच चमकवायला बसलेला ड्रायव्हर ही पेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन दरवाजावर गोल गोल फिरवतो. उन्हानं विटून खडूसारखा झालेला थर निघतो, खालून मूळचा रंग वर येतो. पेस्टमधलं तेल-पाणी नुसतं वाहक असतं, खरं काम करते ती कचकच. बहुतेक डब्यांत ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. हाच पदार्थ जमिनीत स्फटिकरूपात सापडला की त्याला मराठीत कुरुंद म्हणतात आणि इंग्रजीत कोरंडम. इंग्रजी नाव इथूनच गेलं, एवढं कुठलाही कोश एका ओळीत सांगतो. ते नेमकं कुणाच्या तोंडून गेलं, हा प्रश्न मात्र भातशेतातल्या उंदरांपाशी जाऊन थांबतो.

जॉन वुडवर्ड हा लंडनचा वैद्य. दगड आणि जीवाश्म गोळा करण्याचा त्याला भारी नाद. 1728 मध्ये तो वारला. त्याच्या परदेशी खनिजांच्या यादीत फोर्ट सेंट जॉर्जहून, म्हणजे मद्रासहून आलेल्या दोन दगडांची नोंद आहे. एक ‘नेल्ला कोरिविंडम’. तो भाताच्या शेतांत सापडतो, शेतातले उंदीर बिळं खणताना तो वर टाकतात आणि तिथले लोक त्यानं लोखंड घासून चकचकीत करतात, असं त्यानं लिहून ठेवलं. दुसरा ‘टेल्ला’, हिरवट झाक असलेला करडा, माणकं आणि हिरे घासायचा. इंग्रजीत हा शब्द शिरला त्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि तिथंही दगडाची ओळख घासायची वस्तू म्हणूनच आहे. माणिक आणि नीलम हे या कुरुंदाचेच रंगीत भाऊ, हे युरोपला कळायला अजून पाऊण शतक जायचं होतं.

शब्द तमिळ ‘कुरुंदम्’वरून आला, असं इंग्रजी कोश बहुधा सांगतात. वुडवर्डच्या नोंदीकडे जरा निरखून पाहिलं तर हे उत्तर डळमळतं. ‘तेल्ल’ म्हणजे पांढरा, आणि तो शब्द तेलुगू. ‘नल्ल’ म्हणजे काळा, तोही तेलुगूच. तमिळमध्ये ‘नल्ल’ म्हणजे चांगला. एक काळा कुरुविंद, एक पांढरा कुरुविंद, अशी सरळ जोडी जुळते. तमिळपक्ष इथं एक चांगला डाव टाकतो: तमिळमध्ये ‘नेल्’ म्हणजे भात, आणि वुडवर्ड स्वतःच सांगतो की हा दगड भातशेतात सापडतो. मग ‘नेल्ला’ म्हणजे भाताचा का नसावा? डाव हुशार आहे, पण ‘टेल्ला’चं काय करायचं, याला त्या पक्षाकडे उत्तर नाही. शिवाय वुडवर्डच्या आधी, 1666-67 मध्ये भारतात फिरलेला फ्रेंच प्रवासी झां द तेवनो गोवळकोंड्याच्या राज्यातल्या पांढऱ्या एमरीबद्दल, म्हणजे घासायच्या दगडाबद्दल लिहितो. तेलंगी भाषेत त्याला ‘कोरिंद’ म्हणतात, असं तो भाषेचं नाव घेऊन सांगतो. दोन स्वतंत्र साक्षीदार, दोघंही तेलुगूकडे बोट दाखवणारे. मद्रास आज तमिळनाडूत आहे म्हणून शब्द तमिळ ठरवायचा, ही कोशकारांची सोय झाली.

संस्कृतपक्ष आणखी वरून बोलतो. ‘कुरुविंद’ हा शब्द वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. पद्मराग, म्हणजे माणिक, ज्या तीन गोष्टींपासून उत्पन्न होतं असं तिथं म्हटलं आहे, त्यांतली एक कुरुविंद. कुरु देशात मिळतो तो कुरुविंद, अशी फोडही कुणी कुणी करतं. ती सोडून दिलेली बरी, कारण कुरुक्षेत्राच्या गाळाच्या जमिनीत कुरुंद कुठून येणार? द्राविडी बाजूची व्युत्पत्ती अधिक वजनदार आहे. ‘कुरु’ म्हणजे रंग, असं तोल्काप्पियम् हे जुनं तमिळ व्याकरण सांगतं, आणि तमिळमध्ये ‘कुरुदि’ म्हणजे रक्त. तेव्हा लाल झळाळीचा तो कुरुविंद, आणि साध्या करड्या दगडाला रत्नाचं नाव नंतर चिकटलं, असं या मताचं म्हणणं.

प्रस्तुत लेखकाचा कल उलट्या दिशेला आहे. संस्कृत कोशांत ‘कुरुविंद’चा आणखी एक अर्थ मिळतो: मुस्ता, म्हणजे आपला नागरमोथा. हे शेतात माजणारं तण उपटलं की मुळाशी काळसर, टोकांकडे निमुळत्या गाठी निघतात. कुरुंदाचा साधा स्फटिकही तसाच, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, मळकट रंगाचा. भातशेतात नांगराखाली किंवा उंदराच्या बिळापाशी दोन्ही एकाच मातीतून वर येत असतील, तर शेतकऱ्यानं दगडालाही गाठीचंच नाव दिलं, यात नवल काय? म्हणजे नाव आधी शेतातलं, मग लोहाराचं, आणि सर्वांत शेवटी जवाहिऱ्याचं. याला लेखी पुरावा नाही, नुसता तर्क आहे. पण दरबाराकडून शेताकडे जाणाऱ्या व्युत्पत्तीपेक्षा शेताकडून दरबाराकडे जाणारी व्युत्पत्ती जास्त पटते.

मग कोल्हापूर जिल्ह्यातलं कुरुंदवाड आणि हिंगोलीतलं कुरुंदा ही गावंही या दगडाचीच का? मोह होतो खरा. पण दोन्ही गावं दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वसलेली, आणि त्या खडकात कुरुंद नसतो. महाराष्ट्रात तो मिळतो पूर्वेकडच्या कितीतरी जुन्या खडकांत, भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याच्या बाजूला. तमिळमध्ये ‘कुरुंदु’ हे रानलिंबाच्या झाडाचं नाव आहे. गावांना झाडांची नावं दगडांपेक्षा अधिक पडतात, तेव्हा गावं झाडाला दिलेली बरी.

कुरुंद शस्त्रासारखा वापरता येतो, हे सुश्रुताला ठाऊक होतं. लोखंडी शस्त्राला घाबरणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी त्यानं ‘अनुशस्त्रं’ सांगितली. वेळूची कामटी, स्फटिक आणि काच यांच्या पंक्तीला तिथं कुरुविंद आहे. त्याच यादीत शेफालिकेची आणि सागाची पानं आहेत, पापणीच्या किंवा तोंडातल्या विकारांत खरवडण्यासाठी. शेफालिका म्हणजे प्राजक्त. प्राजक्ताचं पान ज्यानं बोटानं चोळून पाहिलंय, त्याला काचकागद म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पुढे शिकलगारांनी कुरुंदाची पूड लाखेत मुरवून साणेची चाकं केली आणि तलवारींना पाणी दिलं. दाणा कठीण हवा आणि तो धरून ठेवणारा लगदा जरा नरम हवा, म्हणजे बोथट झालेला दाणा आपोआप गळून नवा पुढे येतो. ट्रकच्या पत्र्यावर फिरणारी ग्राइंडरची चकतीही याच नियमानं चालते.

युरोपात तोवर ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावरचा एमरी चालत होता. तोही लोहखनिज मिसळलेला कुरुंदच. 1798 मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यानं रॉयल सोसायटीसमोर आशियातल्या कुरुंदावर निबंध वाचला आणि नाव शास्त्रात पक्कं झालं.

इथून पुढची गोष्ट दोन चुकांची आहे, आणि दोन्ही चुका कुरुंदाच्या नावावर.

पहिली एडवर्ड ॲचेसनची. 1891 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला इथं त्यानं माती आणि कोक एकत्र करून त्यातून जबर वीज सोडली. कार्बनच्या कांडीला चिकटलेले चमकदार स्फटिक काच कापू लागले. कार्बन आणि मातीतला ॲल्युमिना यांचं हे मिश्रण असणार असं समजून त्यानं नाव ठेवलं कार्बोरंडम: कार्बन अधिक कोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होतं, कुरुंदाचा त्यात कणही नव्हता. सुरुवातीला तो हा माल रत्नं घासणाऱ्यांना कॅरटच्या भावानं विकत असे. खरा कृत्रिम कुरुंद बॉक्साइट वितळवून त्यानंतरच्या दशकभरात भट्टीतून निघू लागला आणि खाणींचं महत्त्व ओसरलं.

दुसरी चूक अधिक मोठी. 1902 मध्ये मिनेसोटात लेक सुपीरियरच्या काठी पाच जणांनी एक खाणकंपनी काढली. कुरुंद काढायचा आणि घासचाकांच्या कारखानदारांना विकायचा, हा बेत. निघालेला दगड कुरुंद नव्हताच, तर अ‍ॅनॉर्थोसाइट नावाचा, या कामाला निरुपयोगी खडक होता. कंपनी बुडायची ती तगली, दुसऱ्यांचा गार्नेट आणून काचकागद करू लागली, आणि त्यातही एकदा स्पेनहून आलेला गार्नेट जहाजावरच ऑलिव्ह तेलात भिजून आला, म्हणून कागदावर दाणा टिकेना. ही कंपनी म्हणजे थ्री-एम. 1914 मध्ये तिनं पहिला नाव घेण्याजोगा माल काढला तो कृत्रिम कुरुंद लावलेल्या कापडाचा. जमिनीत नाही मिळाला तो भट्टीतला घेतला.

1920 च्या जानेवारीत तिला फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी या शाईवाल्याचं पत्र आलं: तुमच्याकडच्या प्रत्येक जाडीच्या दाण्याचा नमुना पाठवा. शाईवाल्याला दाणा कशाला, म्हणून चौकशी झाली तेव्हा कळलं की गड्यानं पाण्यात न विरघळणारा काचकागद बनवला आहे. कंपनीनं हक्क घेतले आणि माणूसही घेतला. हा ओकी दाढीसुद्धा काचकागदानं करत असे आणि लोकांनी ब्लेड सोडून हेच करावं असा त्याचा आग्रह होता. तो आग्रह कुणी ऐकला नाही. पाण्यातला कागद मात्र 1921 मध्ये बाजारात आला आणि गाड्या रंगवणाऱ्यांनी उचलला. कोरडं घासताना त्या काळच्या शिशाच्या रंगाची धूळ कामगारांच्या छातीत जायची, पाण्यामुळे ती बसली. आपल्याकडे गॅरेजात लांबी घासायला जो काळा वॉटर पेपर फाडून बादलीत टाकतात, तो याच घराण्यातला. त्यावरचा काळा दाणा बहुधा कार्बोरंडमचा, म्हणजे चुकून कुरुंदाचं नाव लावलेल्या पदार्थाचा.

हा कागद दाखवायला सेंट पॉलच्या एका गॅरेजात गेलेल्या रिचर्ड ड्र्यू या तरुणानं दुरंगी गाडी रंगवताना चिकटपट्टीसोबत रंगही निघून आलेला पाहिला, रंगाऱ्याच्या शिव्या ऐकल्या, आणि 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केली. ट्रकच्या बाजूला सरळ पट्टा ओढायचा तर आज पहिली वस्तू लागते ती हीच.

कंपाउंडची गरज मात्र रंगानंच निर्माण केली. जुन्या वार्निशला वाळायला आठवडे लागत. 1923 मध्ये ड्यूपाँटचा नायट्रोसेल्युलोज रंग ‘ड्यूको’ ओकलंड गाड्यांवर आला आणि फवारणीचं काम भराभर होऊ लागलं. बंदुकीच्या धूररहित दारूचा हा भाऊबंद झटपट वाळे, पण वाळल्यावर निस्तेज दिसे. घासल्याशिवाय चमक नाही. म्हणून आधी पाण्याचा कागद, मग कंपाउंड, मग पॉलिश, मग मेण, ही उतरंड ठरली. तीच गाडीमालकाच्या घरच्या कपाटात गेली. स्प्रे पेंटिंगला ‘ड्यूको’ म्हणणारे जुने मिस्त्री आपल्याकडे अजून भेटतात.

रंग बदलले तशी ही उतरंड जपून चढावी लागते. जुन्या एकपदरी एनॅमलच्या ट्रकवर घासताना फडक्याला केबिनचाच रंग लागतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मेलेला थर निघतोय एवढंच. क्लिअर कोट असलेल्या नव्या केबिनवर फडकं पांढरंच राहतं, कारण वरचा थर बिनरंगी असतो. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाड. दोन हजार नंबरच्या कागदाचा दाणाच 10 मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि मोहच्या मापावर कुरुंदाचा काठिण्यक्रमांक 9, हिऱ्याच्या खालोखाल. हिशेब सोपा आहे: दर दसऱ्याला जोर लावून कंपाउंड मारणारा चार-सहा वर्षांत कडांवरचा क्लिअर कोट उडवून बसतो. कडा आणि उठावाच्या रेषा आधी मास्किंग टेपनं झाकाव्यात, सावलीत काम करावं, एका वेळी हातभर जागा घ्यावी. आणि त्याआधी केबिन स्वच्छ धुवावं, कारण रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झ असतो, तो फडक्याखाली अडकला की स्वतःच उलटा कागद मारतो. डिझेलचा बोळा फिरवून आणलेली चमक तर संध्याकाळपर्यंतची. तेलकट पत्र्यावर धूळ चिकटते आणि पुढचं पुसणं तीच घासून घेतं.

1954 मध्ये मद्रासच्या मुरुगप्पा समूहानं एक अमेरिकी आणि एक ब्रिटिश कंपनी सोबत घेऊन ‘कार्बोरंडम युनिव्हर्सल’ काढली. वुडवर्डच्या यादीतल्या त्याच फोर्ट सेंट जॉर्जपासून थोड्याच अंतरावर, तिरुवोत्रियूरला. ॲचेसनच्या चुकीसकट नाव परत आलं, आणि घासचाकं नि काचकागद त्या नावानं देशभर जाऊ लागले.

रसायनाच्या दृष्टीनं या घासण्यातला सगळ्यांत गमतीचा भाग मात्र रंगावर नसून उघड्या ॲल्युमिनियमवर आहे. अमेरिकी ट्रकवाले डिझेलची टाकी आणि चाकं रंगवत नाहीत, आरशासारखी घासतात. या धातूला हवा लागली की त्यावर क्षणात ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. रस्त्यावरचं मीठ आणि पाणी लागलं की तो जाड, ठिगळ्या-ठिगळ्यांचा, पांढुरका होतो. पॉलिशमधला ॲल्युमिनियम ऑक्साइड त्याच ऑक्साइडला खरवडून काढतो आणि सोबत धातूचे कण आल्यानं फडकं काळंकुट्ट होतं. खाली उघडा पडलेला धातू लगेच नवा पातळ थर धरतो, म्हणून घासून होताच, पुढच्या पावसाआधी, त्यावर मेणाचा हात फिरवतात.