कुंडीतल्या झाडाला दुखते का?

फेब्रुवारी 2020 मध्ये आपल्या बीडजवळ पालवणच्या सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरले होते. अभिनेते सयाजी शिंदे त्यात पुढे होते आणि अध्यक्षपद चक्क एका वडाच्या झाडाला दिले होते. तुमच्यापैकी काही जण मुलाबाळांना घेऊन गेलाही असाल. झाडांचा विषय निघाला की रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, झाडाला खरंच दुखतं का? घरातली कुंडी वाळली तर पाप लागतं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. मोठमोठ्या वैद्यकतज्ज्ञांनी त्यावर डोके खपवले आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लॉद बर्नार यांनी लाजाळूला इथरची वाफ दिली. ऑपरेशनआधी माणसाला भूल देण्यासाठी वापरत, तेच हे इथर. मग हात लावला तरी लाजाळू पाने मिटेना. वाफेचा अंमल उतरल्यावर पुन्हा मिटू लागले. 1873 मध्ये इंग्लंडच्या डॉ. बर्डन-सँडरसन यांनी कीटक पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅप या वनस्पतीच्या पानातून जाणारी विजेची लहर मोजली. पुढे आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफ हे यंत्र बनवून झाडाची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवली.

यानंतर गाडी रुळावरून घसरली. 1966 मध्ये अमेरिकेत क्लीव्ह बॅक्स्टर यांनी खोटे पकडण्याचे यंत्र घरात ठेवतात त्या ड्रॅसिनाच्या पानाला जोडले आणि झाडाला माणसाच्या मनातले कळते, असा दावा केला. इतर शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक पडताळणी केली, तेव्हा त्याला आधार मिळाला नाही.

आता डॉक्टर म्हणून एक फरक सांगतो. प्रतिसाद वेगळा आणि वेदना वेगळी. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला चिरा दिला तर नाडी वाढू शकते. पण त्याला दुखत नसते. वेदना जाणवायला मेंदू जागा लागतो. झाडाला मेंदूही नाही आणि मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे झाड प्रतिसाद देते हे नक्की, पण त्याला दुखते असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत नाहीत.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांचे चुकतही असेल. बरोबर आहे. तान्ह्या बाळांना फारसे दुखत नाही, असे आम्ही डॉक्टर मंडळी फार काळ समजत होतो आणि 1980 च्या दशकापर्यंत अनेक बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया झाल्या. 1987 मध्ये डॉ. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने हा समज मोडायला मोठी मदत केली. पण बाळाला मेंदू आणि मज्जातंतू होतेच. ते आम्हाला दिसत असूनही आम्ही दुर्लक्ष केले. झाडाची गोष्ट तशी नाही.

म्हणून फांदी छाटताना अपराधी वाटून घेऊ नका. पण दुखत नाही म्हणजे जबाबदारी नाही, असेही नाही. पालवणच्या वडाला मान दिला, तो सावली आणि आसरा देतो म्हणून. शेतातले झाड मुळे खोल नेऊन पाणी शोधते. कुंडीतल्या झाडाची ती वाट तुम्ही बंद केली आहे. मग पाणी देणे तुमच्याकडेच आले. आपला जिल्हा दुष्काळी. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंडीत ओता. आधी मातीत बोट घालून बघा, ओल असेल तर थांबा. जास्त पाण्यानेही मुळे कुजतात.