एका चिन्हासाठी पंधरा वर्षे

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची आणि कंपन्यांची चर्चा पुष्कळ होते. वापरणाऱ्यांनी काय मागितले आणि ते त्यांना कसे मिळाले, याची दखल क्वचितच घेतली जाते. पायथन या मुक्त संगणकभाषेतील '@' या चिन्हाची हकिगत म्हणूनच पाहण्याजोगी आहे.

प्रश्न गुणाकाराचा होता. वरच्या ओळीत 1, 2 आणि खालच्या ओळीत 3, 4 असा आकड्यांचा चौकोन घ्या आणि त्याला त्यानेच गुणा. जागच्या जागी गुणले तर 1, 4, 9, 16 मिळतात. मॅट्रिक्सच्या नियमाने गुणले तर 7, 10, 15, 22. शास्त्रज्ञांना दोन्ही गुणाकार रोज लागतात. गुणाकाराची खूण मात्र एकच, तारका.

1995 साली जिम ह्यूगुनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायथनसाठी 'न्यूमेरिक' हे संख्यागणनाचे साधन रचायला घेतले. त्यात तारका जागच्या जागी होणाऱ्या गुणाकाराला मिळाली. मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी 'डॉट' हा शब्द लिहावा लागे आणि लांब सूत्र कंसांच्या जंगलात हरवे. मॅटलॅबमध्ये दोन्ही गुणाकारांना वेगळ्या खुणा होत्या, त्यामुळे तिकडून आलेल्यांना ही उणीव विशेष जाणवे.

2000 साली दोन लेखी प्रस्ताव आले. एकात '@' सुचवले होते, दुसऱ्यात नेहमीच्या खुणांआधी '~' लावून नवी जोडी. दोन्ही मार्गी लागले नाहीत. पळवाट एक होती: 'मॅट्रिक्स' नावाचा वेगळा प्रकार, ज्यात तारकेचा अर्थच बदले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांच्या 'नमपाय'मध्येही तो होता. घोटाळा इथेच होता. आपल्या हाती कोणता प्रकार येणार हे सूत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नसे, आणि चौकोनी मॅट्रिक्स असेल तर संगणक तक्रार न करता चुकीचे उत्तर देई.

2014 साली नॅथॅनियल स्मिथ यांनी मागणी पुन्हा मांडली. या वेळी नुसता आग्रह नव्हता. प्रत्यक्ष लिहिलेल्या आज्ञावलींमध्ये कोणती खूण किती वेळा येते, हे मोजून दाखवले होते. भाषेत आधीपासून असलेल्या काही खुणांपेक्षा मॅट्रिक्सचा गुणाकार अधिक वापरला जातो, असे त्यातून दिसले. अनेक संख्यागणन प्रकल्पांची संमती मिळवली होती. घातासाठी मागितलेली '@@' ही जोडखूण वादानंतर सोडून दिली. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी मान्यता दिली आणि सप्टेंबर 2015मध्ये पायथन 3.5बरोबर '@' रूढ झाले.

यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. पायथनच्या स्वतःच्या मूळ प्रकारांपैकी एकही ही खूण वापरत नाही. घरमालकाला ज्या दाराचा उपयोग नाही, ते त्याने बिऱ्हाडकरूंसाठी पाडून दिले!

आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांना पायथन आणि सायलॅबसारखी मुक्त साधने शिकवतो आहे. आपल्याकडे अशा साधनांकडे फुकट मिळणारी वस्तू म्हणून पाहिले जाते. पण त्यांचे खरे वैशिष्ट्य किमतीत नाही. इथे वापरणारा पुराव्यानिशी मागू शकतो, नकार पचवू शकतो आणि पुन्हा मागू शकतो. तो हक्क बजावायचा तर मोजण्याचे कष्ट मात्र त्यानेच घ्यायला हवेत.