बचत गटात सगळ्या सारख्याच बायका असाव्यात की वेगवेगळ्या?

नवा बचत गट करताना पहिला वाद होतो तो सदस्य निवडण्यावरून. एकाच आळीतल्या, एकाच समाजाच्या बायका घ्यायच्या, की सगळ्या वस्त्यांमधल्या? गटाचे हप्ते आणि गटाचं आयुष्य बऱ्याच अंशी यावरच ठरतं.

नियम काय?
नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँक जोडणी सुरू केली. साधारणपणे गटात १० ते २० सदस्य असतात आणि एका घरातली एकच महिला घेतली जाते. सगळ्या एकाच जातीच्या हव्यात, असा नियम नाही.

सारखेपणाचा फायदा
शेजारच्या बाईची अडचण खरी की बहाणा, हे लगेच कळतं. हप्ता थकला तर घरी जाऊन बोलता येतं. पेरू देशातल्या अयाकुचो शहरात डीन कार्लन यांनी गटकर्जाचा अभ्यास केला. जवळ राहणाऱ्या आणि सारख्या चालीरीतींच्या सदस्यांच्या गटात बचत आणि परतफेड चांगली दिसली.

पण नातेवाईकच जास्त असले तर उलटंही होतं. जाऊबाईला किंवा नणंदेला हप्ता मागायचा कसा? बांगलादेशातल्या एका अभ्यासात नातेवाईक जास्त असलेल्या गटांची थकबाकी जास्त आढळली.

वेगळेपणाचा फायदा
सगळ्यांची कोरडवाहू शेती असेल तर पेरणीच्या वेळी सगळ्यांनाच कर्ज हवं असतं आणि पाऊस हुकला की सगळ्यांचेच हप्ते थकतात. गटात कुणाचं दूध, कुणाचं शिवणकाम, कुणाची मजुरी असेल तर एकीच्या तंगीत दुसरीचा हप्ता गट चालवतो. मादागास्करमधल्या गटांच्या अभ्यासातही कमाईचा धोका वेगवेगळा असलेल्या गटांची परतफेड चांगली निघाली.

बिघडतं कुठे?
वेगळेपणामुळे गट आपोआप मोडत नाही. बैठक कायम अध्यक्षांच्याच ओट्यावर, वही एकीच्याच हातात, मोठं कर्ज ठरावीक घरांनाच, असं झालं की बाकीच्यांचा विश्वास उडतो. आणि ‘ही फेडणार नाही’ म्हणून भूमिहीन किंवा एकल बाईला गटाबाहेर ठेवलं, तर तिला सावकाराचंच दार उरतं.

मिश्र गटाने काय करावं?
• बैठक आळीपाळीने प्रत्येक वस्तीत घ्यावी.
• बचतीची रक्कम सगळ्यात गरीब सदस्याला झेपेल एवढीच ठेवावी.
• कर्जाचा क्रम गरज पाहून ठरवावा आणि ठराव वहीत लिहावा.
• लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी हिशोब दर बैठकीत मोठ्याने वाचावा.
• अध्यक्ष, सचिव ठरावीक काळाने बदलावेत.
• बैठका चुकवू नयेत. कोलकात्यातल्या एका प्रयोगात दर आठवड्याला भेटणाऱ्या गटांनी पुढचं कर्ज महिन्याला भेटणाऱ्यांपेक्षा कमी बुडवलं.

थोडक्यात, घरं जवळ, कमाई वेगवेगळी आणि हिशोब सगळ्यांसमोर, असा गट जास्त टिकतो.