सुवर्णकणांवरील रेणूंची मांडणी

सोन्याचे काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश भागाएवढे कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात. मात्र ते एकमेकांना चिकटू लागले, की द्रावण निळसर-जांभळे पडते आणि अखेर तळाशी गाळ साचतो. कणांना सुटे ठेवण्याचे काम त्यांच्या पृष्ठभागावर बसलेल्या रेणूंचा थर करतो. पाण्यात विरघळणे, औषध वाहून नेणे, पेशीत शिरणे हे सारे या थरावरच अवलंबून असते.

अंबरनाथ येथील एन. एस. एन. नॅनोतंत्रज्ञान व जैवनॅनोतंत्रज्ञान संशोधन केंद्रात डॉ. माधुरी शेरॉन यांच्या गटाने हा थर वनस्पतींकडून मिळविला. कारल्याच्या अर्कापासून, तसेच क्लोरेला या गोड्या पाण्यातील शैवालापासून सुवर्णकण बनविल्याचे त्यांचे शोधनिबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्कातील द्रव्ये सोन्याच्या क्षाराचे धातूत रूपांतर करतात आणि तयार झालेल्या कणावर आवरणही चढवितात. त्यासाठी तीव्र रसायने लागत नाहीत. वालधुनी नदीत टँकरमधून सोडलेल्या रसायनामुळे २०१४ मध्ये उल्हासनगरच्या अनेक रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले होते. त्या परिसरात हा गुण किरकोळ म्हणता येणार नाही.

अडचण आहे ती नियंत्रणाची. सामू आणि तापमान बदलून कणांची घडण काही प्रमाणात आवरता येते. परंतु अर्कात प्रथिनांसह असंख्य द्रव्ये असतात आणि त्यांपैकी कोणते कोठे बसले, हे सांगणे कठीण जाते.

प्रयोगशाळेतील दुसरा मार्ग गंधकाचा. थायॉल वर्गातील रेणूंचे गंधकाचे टोक सोन्याला घट्ट धरते आणि शेपट्या शेजारी शेजारी उभ्या राहून आपोआप दाट थर रचतात. लिव्हरपूल विद्यापीठातील ब्रुस्ट, शिफ्रिन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा कणांची सोपी कृती दिली. थायॉलचे प्रमाण वाढविले, की कण लहान होतात. स्टॅनफर्डमधील रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने २००७ मध्ये अशा एका कणाची अणुरचनाच उलगडली: सोन्याचे १०२ अणू आणि भोवती थायॉलचे ४४ रेणू.

दोन प्रकारचे रेणू एकाच कणावर बसविले, तर ते पट्ट्यापट्ट्यांनी रचले जातात, असे अमेरिकेतील एमआयटीच्या फ्रान्सेस्को स्टेलाची यांच्या गटाने २००४ मध्ये मांडले. असे पट्टेदार कण पेशीचे आवरण न फाडता आत शिरतात, असा त्यांचा २००८ मधील निष्कर्ष होता. लिव्हरपूलच्या राफाएल लेव्ही यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी मात्र २०१२ मध्ये आक्षेप घेतला, की सूक्ष्मदर्शकाने टिपलेले ते पट्टे उपकरणातील दोषामुळे उमटलेले असावेत.