स्वार गेला, पायी आला

‘बारगीर’ हा शब्द शिवकालाच्या इतिहासात आपण सर्वांनीच वाचला आहे. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. महाराजांच्या लष्करात बारगिराचा भरवसा अधिक, कारण त्याचा घोडा राज्याचा असे. हाच शब्द दीडदोनशे वर्षांनी निजामाच्या मुलखात भेटतो तेव्हा त्याचा अर्थ पार पालटलेला आहे. त्या पालटलेल्या अर्थाचा भार आमच्या देवणीच्या घराने चार पिढ्या वाहिला.

आमचे खापरपणजोबा मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, छावणीत रिसाल्यात बारगीर होते. १८५७ च्या पावसाळ्यात ते घरी परतले. गावाने त्यांना एक वाक्य चिकटवले: स्वार गेला, पायी आला. घरच्या वडीलधाऱ्यांना हे वाक्य इतके झोंबे की लढाईत घोडा पडला असे ते सांगत. आम्हांला त्यात लाजेचे काहीच दिसत नाही. घोडा पडला नव्हता. तो त्यांचा कधी नव्हताच.

ही फौज ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखली जाई. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, खर्च निजामाचा! तो भागवण्यासाठी दिवाण चंदुलाल यांनी पामर आणि कंपनीकडून जबर व्याजाने कर्जे काढली. देणे फिटेना, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब कंपनीने पगाराच्या तारणादाखल आपल्या कारभाराखाली घेतले. म्हणजे मोमिनाबादच्या स्वाराचा पगार वऱ्हाडच्या कुणब्याच्या सारा-पट्टीतून निघू लागला.

आता हा पगार स्वाराच्या हाती कसा पडे, ते पाहण्याजोगे आहे. रिसाला शिलेदारी पद्धतीचा. सरकार घोडा देत नसे. घोडा, सरंजाम आणि स्वार उभा करण्याचा जो हक्क, त्याला ‘असामी’ म्हणत. एकेका बड्या शिलेदाराकडे अनेक असाम्या असत. हजेरीपटावर लागलेल्या प्रत्येक असामीचा पगार तो उचली आणि तिच्यावर बसणाऱ्या बारगिराला ठरलेला वाटा देई. असामी वारशाने जाई, विकतही घेता येई. बारगिराच्या वाट्याला मात्र खोगिरावर बसणे आणि वेळ आली तर मरणे. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ही व्यवस्था अधिक उलगडून सांगायला नको. (शिलेदारही पुष्कळदा सावकाराच्या कचाट्यात असे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. घोडा मेला की नवा घोडा त्याच्या अंगावर येई.)

१८५७ च्या जूनमध्ये मोमिनाबादहून औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नुकत्याच गेलेल्या पहिल्या रिसाल्यात बोलबाला झाला की आता आपल्याला उत्तरेत नेणार. स्वार म्हणाले, दख्खन सोडून आम्ही दिल्लीच्या बादशहावर चालून जाणार नाही. इतिहासकार याला बंड म्हणतात, आणि बंड ते होतेच. पण आयुष्य संघटनेत घालवलेल्या आमच्यासारख्याला त्यात दुसरेही काही ऐकू येते. चाकरी कोठे करायची आणि कोणाविरुद्ध करायची, हे धन्याने परस्पर ठरवू नये, हा चाकराचा दावा त्यात आहे. उत्तर फार लवकर मिळाले. २३ जूनला पुण्याकडून जनरल वुडबर्न तोफा घेऊन आला. दफेदार मीर फिदा अली याला फाशी दिली. आणखी कित्येक गोळ्यांना आणि तोफेच्या तोंडी गेले. काळा चबुतरा शहराला ही आठवण देत राहिला. बाकीच्यांपैकी अनेकांची हत्यारे काढून घेऊन नावे कमी केली. त्यांत आमचे खापरपणजोबा होते. नाव कमी झालेल्या बारगिराला घोडा कोठला?

कंटिंजंटच्या इतर पलटणी व रिसाले पुढे सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात लढले. झाशी, काल्पी या नावांशी त्यांचे नाव जोडले गेले. बक्षिसी १८६० मध्ये निजामाला मिळाली: ५० लाखांचे कर्ज माफ आणि नळदुर्ग व रायचूर परत. वऱ्हाड तेवढे राहिले. फौज १९०३ मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्याच वारशातला ‘डेक्कन हॉर्स’ १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणात भाले घेऊन दौडला, आणि शिलेदारी पद्धत त्या महायुद्धानंतर मोडली.

आमचे बारगीर तोवर केव्हाच मातीआड गेले होते. परत आल्यावर ते एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी राहिले. जनावराची पारख छावणीत शिकलेली, म्हणून देवणी खोंड वळणावर आणायचे काम त्यांच्याकडे असे. आडदांड खोंड त्यांच्या हाती आठ दिवसांत जुवाला मान देई, असे जुनी माणसे सांगत. खोंड अर्थात मालकाचेच. मुलगा सालगड्याचा बटईदार झाला, नातू कूळ झाला, आणि १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यानंतर आमच्या आजोबांच्या नावावर जमिनीचा तुकडा चढला. पुढच्या पोळ्याला दारात बैलजोडी उभी होती. पांढरीशुभ्र, तोंडाच्या कडा काळ्या, वानेरा जातीची. आजोबांनी ती गावातून मिरवली, ती पायीच.